कागदावर टोपणनावच लागलं असेल तर: बाळू, अप्पा, नाना आणि 'ऊर्फ'चा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका घरात वडिलांचं नाव शाळेच्या दाखल्यावर 'बाळू मल्लप्पा', सातबाऱ्यावर 'बाळासाहेब मल्लप्पा' आणि आधारवर 'बाळकृष्ण मल्लिनाथ' असं आहे. 'बाळू हे टोपणनाव, ते कायद्यात बसत नाही, आधी राजपत्र काढा (म्हणजे सरकारी गॅझेटात नावबदल छापून घ्या)' असं कुणीतरी सांगितलंय. शिवाय घरात नातू झालाय आणि आजीचा हट्ट आहे की पणजोबांवरून त्याचं नाव 'अप्पा'च ठेवायचं. तर टोपणनाव हेच नाव म्हणून चालतं का, मोठ्या माणसांत असं कुणाचं होतं का आणि हे सगळे कागद जुळवायचे कसे?

चालतं, अगदी बिनदिक्कत चालतं. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 मध्ये कोणती नावं ठेवावीत याची यादी नाही. कलम 14 एवढंच सांगतं की जन्म नावाशिवाय नोंदला असेल तर आईवडिलांनी नाव नंतर ठरलेल्या मुदतीत कळवावं. त्यामुळे 'बाळू' हे 'बाळकृष्ण'पेक्षा कमी दर्जाचं नाव ठरत नाही. तुमची अडचण टोपणनावाची नाहीच, तीन कागदांवर तीन माणसं दिसतायत ही आहे. त्यासाठी राजपत्र हे पहिलं पाऊल नसतं, बहुतेक वेळा शेवटचं असतं, आणि कित्येकदा त्याची गरजच पडत नाही.

आधी नावांचं बघू, कारण कोणतं नाव ठेवायचं ते त्यावरून ठरतं.

जुन्या घरांत नातवाला आजोबा-पणजोबांचं नाव ठेवायची चाल होती आणि सून सासऱ्याचं नाव तोंडाने घेत नसे. मग पाळण्यात केशव ठेवा, नारायण ठेवा नाहीतर मल्लप्पा, घरात हाक बाळ, नाना, बापू, तात्या, अण्णा, अप्पा हीच. (तुमच्या घरातला 'अप्पा'चा हट्ट बहुधा याच वळणाचा आहे.) पाळण्यातलं नाव बारशाला घेतलं ते घेतलं. शाळेत नाव घालायला गेलेला चुलता किंवा आजोबा मास्तरांना हाकेचं नाव सांगून मोकळे व्हायचे. त्याच बैठकीत जन्मतारीख 1 जून लागायची, पण तो वेगळा विषय.

'बाळ' हे या सगळ्यांतलं सर्वांत ठळक उदाहरण. लोकमान्य टिळकांचा जन्म 23 जुलै 1856 चा. पाळण्यातलं नाव केशव, घरात बाळ, आणि इतिहासात राहिलं ते बाळ गंगाधर टिळक. केशव हे नाव आज चरित्राच्या पहिल्या पानापुरतं उरलंय. 1937 साली मुंबई प्रांताचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) झालेले बाळासाहेब खेर यांचंही पूर्ण नाव बाळ गंगाधर खेर. नाव आणि वडिलांचं नाव दोन्ही टिळकांसारखंच, त्यामुळे सूचीत आडनावाऐवजी नावाने शोधलं तर हे दोघे हमखास शेजारी येतात. कवी मर्ढेकर हे बाळ सीताराम. शिवसेनाप्रमुख ठाकरे हे बाळ केशव, जन्म 23 जानेवारी 1926. 1832 मध्ये 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर यांच्या नावातही 'बाळ' आहे, 'शास्त्री' ही मागाहून जोडलेली पदवी. बालगंधर्व मात्र या रांगेत बसत नाहीत. ते नारायण श्रीपाद राजहंस, आणि 'बालगंधर्व' ही लहान वयातल्या गाण्यावरून मिळालेली उपाधी. घरातली हाक आणि लोकांनी दिलेली पदवी यांत गल्लत करू नये. पदवी कागदावर जात नाही, हाक जाते. 'नाना'चंही तसंच. प्रतिसरकारचे क्रांतिसिंह यांचं लोकसभेच्या नोंदीतलं नाव नाना रामचंद्र पाटील असंच आहे.

दुसरा प्रकार संख्येने जास्त. यात हाक जगभर होते, पण कागदावर मूळ नाव शाबूत राहतं. बाबा आमटे हे मुरलीधर देविदास. 'बाबा' ही त्यांची लहानपणापासूनची हाक, साधुत्वाशी तिचा संबंध नाही. अण्णा हजारे हे किसन बाबूराव, 1992 चा पद्मभूषण त्याच नावाने. अण्णाभाऊ साठे हे तुकाराम भाऊराव, नाना पाटेकर हे विश्वनाथ, दादा कोंडके हे कृष्णा. मागे गेलात तर नाना फडणवीस म्हणजे बाळाजी जनार्दन भानू, नाना शंकरशेट म्हणजे जगन्नाथ, तात्या टोपे म्हणजे रामचंद्र पांडुरंग. क्रिकेटमध्ये बापू नाडकर्णी हे रमेशचंद्र गंगाराम. ज्यांचं बालपण सोलापुरात गेलं ते पॉली उमरीगर मूळचे पहलन रतनजी. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव भीमराव रामजी आणि सही 'बी. आर. आंबेडकर'. लोक काय म्हणतात आणि आपण सही कोणती करतो या दोन गोष्टी कशा वेगळ्या ठेवाव्यात, याचं याहून स्वच्छ उदाहरण नाही.

तिसरा प्रकार तुमच्या कामाचा. संगमनेरचे बाळासाहेब थोरात यांचं नाव विजय भाऊसाहेब थोरात. निवडणुकीच्या कागदांत ते 'विजय ऊर्फ बाळासाहेब भाऊसाहेब थोरात' असं लागतं. मूळ नाव पुसलं नाही, हाकेचं नाव टाकलं नाही, मधे एक 'ऊर्फ' घातला आणि माणूस एकच राहिला. घरगुती कागदांत नेमकं हेच करायचं असतं.

लेखकाचं टोपणनाव यात मिसळू नका. सोलापूरचे कवी संजीव हे कृष्ण गंगाधर दीक्षित; ते नाव त्यांनी लिहिण्यासाठी घेतलं. तसंच दगडू, धोंडू, केरबा ही नावं ऐकायला हाकेची वाटली तरी ती पाळण्यातलीच असतात, मूल जगावं म्हणून मुद्दाम ठेवलेली. महर्षी कर्व्यांचं धोंडो हे असंच रीतसर नाव, आणि हाक अण्णा. 'नकुशा'ची कथा मात्र दुखरी आहे. 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात अशा मुलींची नावं समारंभाने बदलली गेली. नाव बदलणं हाच जिथे योग्य उपाय असतो, अशा मोजक्या जागांपैकी ती एक.

आता तुमचे कागद.

कोणतं नाव कायम ठेवायचं हे आवडीवर ठरवू नका. ज्या कागदात बदल करणं सर्वांत अवघड, त्या कागदावरचं नाव ठेवा. माणूस दहावी झालेला असेल तर मंडळाचं प्रमाणपत्र, नसेल तर शाळा सोडल्याचा दाखला, नोकरीत असेल तर सेवापुस्तक. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, बँक हे सगळे त्यामानाने लवचिक. लोक नेमकं उलट करतात. हातातलं आधार खरं धरतात आणि चाळीस वर्षांपूर्वीचा दाखला बदलायला शाळेत खेटे घालतात. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे विद्यार्थी शाळा सोडून गेल्यावर जनरल रजिस्टरमधल्या (शाळेच्या विद्यार्थी नोंदवहीतल्या) नोंदी एरवी बदलत नाहीत. उघड लेखनदोष असेल तरच, आणि तोही शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने. 'बाळू'चं 'बाळकृष्ण' करणं हा लेखनदोष नाही, ते वेगळं नाव आहे. मुख्याध्यापक नाही म्हणाले तर तो त्यांचा आडमुठेपणा नसतो.

म्हणून तुमच्या वडिलांसाठी माझा कौल सरळ आहे: 'बाळू मल्लप्पा' हेच नाव ठेवा. आधार दाखल्याप्रमाणे करून घ्या, सातबाऱ्यावर 'ऊर्फ' लावून घ्या, आणि मागच्या व्यवहारांसाठी एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

कामाला लागण्याआधी एका कोऱ्या कागदावर सगळ्या कागदांची यादी करा. प्रत्येकासमोर नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख आणि रोमन स्पेलिंग जसंच्या तसं उतरवा. तुमच्या प्रश्नात सगळे 'बाळू'वर अडकलेत, पण मोठा फरक दुसरीकडे आहे. आधारवर वडिलांचं, म्हणजे आजोबांचं नाव 'मल्लिनाथ' लागलंय आणि बाकी दोन ठिकाणी 'मल्लप्पा' आहे. स्वतःचं नाव 'ऊर्फ'ने जुळतं, बापाचं नाव वेगळं निघालं की समोरचा कारकून हा दुसराच माणूस धरतो. हा फरक आधी मिटवा.

आधारमध्ये नावातला बदल आयुष्यात दोनदाच करता येतो. पहिली संधी घाईत घालवू नका. केंद्रावर जाण्याआधी ठरलेलं नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये मोठ्या अक्षरांत लिहून न्या, ऑपरेटरने भरल्यावर पावती घेण्याआधी पडद्यावर दोन्ही लिप्या वाचा. रोमन टाइप केलं की देवनागरी आपोआप उमटतं आणि तिथे 'बाळू'चा 'बालू' होतो. पाचांतले तीन घोळ इथेच जन्मतात म्हटलं तरी चालेल. पुराव्यासाठी ज्या ओळखपत्रावर ठरलेलं नाव आणि फोटो दोन्ही आहेत ते लागतं. नुसता दाखला पुरेलच असं नाही, त्यामुळे मतदार ओळखपत्र किंवा पॅन आधी जुळवून घेणं कधीकधी सोयीचं पडतं. नाव पूर्ण बदलतंय असं प्रणालीला वाटलं किंवा दोन संधी संपल्या असल्या, की राजपत्र मागतात.

'ऊर्फ' आधार-पॅनमध्ये घालू नका. संगणकाला तो जोडशब्द कळत नाही, तो नावाचाच तुकडा धरतो आणि बँकेशी, पॅनशी, भविष्य निर्वाह निधीच्या खात्याशी जुळणी फसते. यंत्रमाग आणि विडी कारखान्यांतल्या कामगारांचा निधी बरेचदा यामुळेच अडकतो: कारखान्याच्या हजेरीपटावर हाकेचं नाव, आधारवर दुसरं. तिथे अनेकदा लागतं ते कामगार आणि मालक दोघांनी मिळून द्यायचं संयुक्त घोषणापत्र. ते कारखाना चालू आहे तोवर करून घ्या. कारखाना बंद पडला की सही करायला कुणी सापडत नाही.

'ऊर्फ'ची खरी जागा माणूस वाचतो अशा कागदांत आहे: प्रतिज्ञापत्र, सातबारा, मालमत्ता पत्रक, खरेदीखत, मृत्युपत्र. प्रतिज्ञापत्राचा गाभा चार ओळींचा असतो आणि तो असा लिहावा:

"मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माझे नाव 'बाळू मल्लप्पा', गट क्रमांक अमुकच्या सातबारा उताऱ्यावर 'बाळासाहेब मल्लप्पा' व आधार कार्डावर 'बाळकृष्ण मल्लिनाथ' असे नमूद आहे. सदर तिन्ही नावे माझीच असून तिन्ही नावांची व्यक्ती एकच आहे. माझ्या वडिलांची 'मल्लप्पा' व 'मल्लिनाथ' ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत. यापुढे मी सर्व ठिकाणी 'बाळू मल्लप्पा' हेच नाव वापरीन."

यात तीन गोष्टी लोक विसरतात. प्रत्येक नावापुढे ते कोणत्या कागदावर आहे हे, क्रमांकासह. वडिलांच्या नावाचं वेगळं वाक्य. आणि शेवटचं 'यापुढे' हे वाक्य, ज्यामुळे पुढे चौथं नाव उगवायला जागा राहत नाही. सही ठरलेल्या नावानेच करा. जुनी सही वेगळी असेल तर खाली 'पूर्वीची सही' म्हणून तीही द्या. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, पण बँक किंवा खासगी संस्थेसाठी ते लागू शकतं. म्हणून कागद कुठे जाणार ते आधी ठरवा आणि मग टंकलेखकाकडे बसा. तयार मसुद्यात नुसतं नाव भरून देणाऱ्यांपासून सावध राहा. त्यांच्या मसुद्यात बहुधा विवाहित स्त्रीचा मजकूर असतो आणि 'माहेरचे नाव' हे शब्द तसेच राहून जातात.

सातबाऱ्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 155 हे लेखनातल्या चुका आणि संबंधितांनी मान्य केलेल्या चुका दुरुस्त करण्यासाठी आहे. 'बाळासाहेब'चं 'बाळू ऊर्फ बाळासाहेब' करायला ते पुरतं, अट एवढीच की सहहिस्सेदारांची हरकत नसावी. सोबत काय जोडायचं: जुना फेरफार ज्याने हे नाव लागलं त्याची नक्कल, दाखला, प्रतिज्ञापत्र आणि जमल्यास भावांचे संमतीचे जबाब. जुना फेरफार पाहिल्याशिवाय अर्ज करू नका. कित्येकदा फेरफारात नाव बरोबर असतं आणि हस्तलिखित सातबारा संगणकावर उतरवताना चूक झालेली असते. तसं असेल तर काम निम्म्याने हलकं होतं. शहर हद्दीत मालमत्ता पत्रक असेल तर हाच अर्ज नगर भूमापन कार्यालयात.

हे काम वडील हयात असताना करा, असं ठासून सांगतो. त्यांच्या पश्चात मृत्यू दाखल्यावर आधारचं नाव लागतं, सातबाऱ्यावर दुसरंच असतं आणि वारस नोंद तिथेच थांबते. ज्याचं नाव जुळवायचं तो सही करायला नसतो, म्हणून मग पंचनामा, शेजाऱ्यांचे जबाब, कधी दिवाणी न्यायालयातून वारस दाखला. सातबाऱ्यावर 'ऊर्फ' लागलेला असेल तर वारसांना तीन महिन्यांत अर्ज द्यायचा आणि नोटिशीचे पंधरा दिवस थांबायचं, एवढंच काम उरतं.

सोलापूरच्या नावांत आणखी एक गुंता आहे, तो पुण्या-नाशिकच्या सल्लागारांना पटकन कळत नाही. आपल्याकडे एका गल्लीत कन्नड, तेलुगू, मराठी आणि उर्दू नावं नांदतात. कन्नड वळणाच्या नावात 'अप्पा', 'अण्णा', 'अव्वा' हे कधी नावाचा भाग असतात, कधी नुसता मान. मल्लप्पाला पुजारी मल्लिकार्जुन म्हणणार, मास्तर मल्लिनाथ लिहिणार आणि मित्र मल्लू म्हणणार. ग्रामदैवत सिद्धेश्वरांवरून ठेवलेल्या नावांचं तर विचारूच नका: सिद्धाराम, सिद्राम, सिद्रामप्पा, सिद्धप्पा, सिद्धू. यांतली पहिली दोन एकाच नावाची रूपं आहेत हे इथल्या तलाठ्याला सांगावं लागत नाही. मुंबईतल्या कार्यालयाला मात्र कागदाने सांगावं लागतं. रोमनमध्ये 'डी' एक की दोन आणि त्यापुढे 'एच' आहे की नाही, यावर एका भावाचं पॅन जुळतं आणि दुसऱ्याचं अडतं. महापालिका जिथे बसते ती इंद्रभुवन इमारत बांधणारे वारद शहराच्या आठवणीत अप्पासाहेबच आहेत. मानाचं नाव मूळ नावाला कसं झाकतं ते तिथेच दिसतं.

पूर्व भागातल्या तेलुगू घरांत जुन्या पद्धतीने आडनाव आधी येतं, मग नाव. मराठी अर्जातल्या 'पहिले नाव' या रकान्यात ते सरळ उतरवलं की आडनावच नाव होऊन बसतं. तो टोपणनावाचा घोळ नाही, रकान्यांचा आहे, आणि पुरावा दाखवला की साध्या दुरुस्तीत सुटतो. त्याला राजपत्र काढू नका.

मग राजपत्र कधी काढायचं? जेव्हा जुनं नाव खरोखर सोडायचं असतं तेव्हा. महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये नावबदलाच्या जाहिराती छापल्या जातात. अर्ज शासकीय मुद्रण संचालनालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन होतो. जुनं नाव, नवं नाव, कारण, ओळख आणि पत्त्याचा पुरावा, फोटो, सही. अल्पवयीन मुलाच्या वतीने पालक अर्ज करतो. छापून आलं की त्या पानाची प्रत जपा आणि तारीख, पान, नोंद क्रमांक वेगळा लिहून ठेवा. दोन गैरसमज मात्र काढून टाका. राजपत्रातली नोंद ही जाहिरात आहे, सरकार तिच्या खरेपणाची जबाबदारी घेत नाही, आणि तसं तिथेच छापलेलं असतं. दुसरं, राजपत्राने जुनी गुणपत्रिका बदलत नाही. ती जुन्याच नावाची राहते, सोबत राजपत्राची प्रत जोडायची. साठीच्या माणसाला 'बाळू'चा 'बाळकृष्ण' करून दिलात तर उरलेली वर्षं प्रत्येक खिडकीवर दोन कागद दाखवावे लागतील. विशीतल्या मुलीचं नाव 'बेबी' असेल आणि तिला ते नको असेल, तर जरूर करा, आणि लग्नाआधी करा. नंतर आडनावही बदललं तर एका माणसाची चार नावं होतात.

पासपोर्टबद्दल एक-दोन वाक्यं, कारण घरातलं कुणी आखाताकडे निघालं की हा प्रश्न येतो. अर्जात 'तुम्ही कधी दुसऱ्या नावाने ओळखले जात होता का' आणि 'तुम्ही कधी नाव बदललं का' असे दोन वेगळे प्रश्न असतात. कागदावर लागलेलं हाकेचं नाव पहिल्या प्रश्नात येतं, राजपत्राने झालेला बदल दुसऱ्यात. जे नाव कुठल्याच कागदावर नाही, फक्त गल्लीत आहे, ते लिहून अर्ज लांबवू नका. आपले अर्ज पुणे विभागीय कार्यालयाच्या अखत्यारीत जातात आणि पोलीस पडताळणी इथल्या ठाण्यातून होते. हवालदार शेजारी विचारतो तेव्हा शेजाऱ्याला फक्त 'पिंटू' माहीत असतो, म्हणून दोन ओळखीच्यांना पूर्ण नाव आधी सांगून ठेवा.

शाळेत शिकणाऱ्या मुलांचं वेगळं आणि सोपं. मूल शाळेत आहे तोवर जन्म दाखल्याप्रमाणे नाव दुरुस्त होतं: पालकाचा अर्ज, जन्म दाखला, प्रतिज्ञापत्र, मुख्याध्यापकांचा प्रस्ताव, शिक्षण खात्याची मंजुरी, आणि जनरल रजिस्टरमध्ये आदेश क्रमांकासह नोंद. आता अपार क्रमांकासाठी (विद्यार्थ्याच्या कायमच्या ओळख क्रमांकासाठी) शाळेच्या नोंदीतलं आणि आधारचं नाव जुळावं लागतं, त्यामुळे फरक पूर्वीसारखा दहावीपर्यंत झाकून राहत नाही, हे बरंच झालं. तरी शेवटची चाळणी दहावीच्या अर्जाची. मंडळाकडून शाळेत जी प्री-लिस्ट (तपासून द्यायची यादी) येते ती मुलाने नाही, पालकाने वाचावी: नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, स्पेलिंग. तिथे सुटलं की पुढे पुणे विभागीय मंडळापर्यंत जावं लागतं.

आणि आता तुमच्या घरातला नातू. 'अप्पा' हे नाव नोंदवता येतं, कुणी अडवू शकत नाही. तरी माझं मत विचाराल तर कागदावर 'मल्लिकार्जुन' किंवा 'मल्लिनाथ' घाला आणि हाक अप्पा ठेवा. आजीलाही सासऱ्याचं नाव घ्यावं लागणार नाही. कारण व्यवहारातलं आहे. 'अप्पा' हे एकटं नाव वडीलधाऱ्याच्या हाकेसारखं वाचलं जातं, मग एखादा कारकून त्याला 'साहेब' जोडतो, दुसरा ते मानाचं समजून गाळतो, आणि तीन पिढ्यांनी तुमचाच आजचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. 'बाळ'चं तसं झालं नाही, कारण टिळक, खेर, मर्ढेकर यांच्या घरांनी ते एका रूपात शेवटपर्यंत लिहिलं. तेवढी शिस्त पाळायची तयारी असेल तर 'अप्पा' ठेवा, पण मग 'आप्पा' की 'अप्पा' हे आजच ठरवा.

जन्म 21 दिवसांच्या आत नोंदवायचा असतो. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर माहिती तिथूनच जाते, आणि घोळ त्या फॉर्मवर होतो. बाळंतिणीसोबत असलेला माणूस बापाचं नाव घाईत 'पिंटू' सांगतो. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आहे, तेव्हा आईबापांची नावं त्यांच्या आधारप्रमाणे अक्षरशः जुळायला हवीत. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा हा जन्म दाखलाच आहे, त्यामुळे 'पुढे शाळेत बघू' हा जुना मार्ग बंद झालाय. बाळाचं नाव अजून ठरलं नसेल तर रकाना रिकामा सोडा, 'बाळ', 'बेबी' किंवा 'छकुला' लिहू देऊ नका. रिकाम्या जागी नाव बारा महिन्यांत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. पण एकदा 'बेबी' लिहिलं गेलं की ते नाव ठरतं आणि कलम 15 खाली चूक सिद्ध करत बसावं लागतं. दाखला हातात आला की खिडकी सोडण्याआधी देवनागरी आणि रोमन दोन्ही वाचा, आणि चूक दिसली तर त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन पोच घ्या.